घरासाठी वायफाय ऑल-इन-वन प्रिंटर घेताय? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत माझं प्रिंटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. प्रिंटर घेण्याआधी विचारायला येणारे थोडे, घेतल्यावर डोक्याला हात लावून येणारे जास्त. प्रश्न मात्र दोघांचेही तेच ते असतात. ते इथे एकत्र लिहून ठेवतोय. किमती अंदाजाने दिल्या आहेत. ऑफर आणि सणवार बघून त्या हजार-दोन हजारांनी हलतात.

कोपऱ्यावर झेरॉक्सवाला दोन रुपयांत पान देतो. मग घरी प्रिंटर कशाला?

अगदी रास्त प्रश्न. प्रिंटर विकणारा कुणी तुम्हाला हा हिशेब करून दाखवणार नाही, म्हणून मी दाखवतो.

वायफायचा चांगला इंक टँक प्रिंटर १३,००० रुपयांना पडला असं धरा. घरच्या काळ्या-पांढऱ्या पानाला शाई दहा पैशांची आणि कागद साठ पैशांचा, म्हणजे सत्तर पैसे. दुकानात दोन रुपये. पानामागे वाचले एक रुपया तीस पैसे. तेरा हजार वसूल व्हायला दहा हजार पानं काढावी लागतील. महिन्याला चाळीस पानं काढणाऱ्या घराला त्यासाठी वीस वर्षं लागतात. तोवर प्रिंटर काय, ज्या पोरासाठी तो घेतला त्याचं लग्नही उरकलेलं असेल.

रंगीत पानाचं गणित वेगळं आहे. दुकानात दहा रुपये, घरी कागदासकट रुपया-सव्वा रुपया. तिथे दीड हजार पानांतच पैसे फिटतात. शाळेचे प्रोजेक्ट आणि चार्ट असतील, तर ते तीन-चार वर्षांत होऊन जातं.

तरीही लोक घरी प्रिंटर घेतात, आणि मी त्यांना वेड्यात काढत नाही. रविवारी रात्री साडेनऊला पोरगं सांगतं की उद्या ‘पाण्यातले प्राणी’ न्यायचे आहेत. त्या वेळी झेरॉक्सवाल्याचं शटर खाली असतं. आणखी एक कारण आहे, ते फारसं कुणी बोलत नाही. आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट आपण दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवतो, आणि ते त्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये महिनोन् महिने पडून राहतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दुकानांच्या मशीनवर गावातल्या निम्म्या लोकांचे आधार दिसतात. एवढ्यासाठी घरी प्रिंटर घेतलात तर मी म्हणेन, बरं केलंत.

ठरत नसेल तर तीन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज किती पानं लागली ते लिहा. रंगीत वेगळी, काळी वेगळी. पुढची सगळी उत्तरं त्या आकड्यावर अवलंबून आहेत.

ऑल-इन-वन म्हणजे काय काय?

प्रिंट, स्कॅन आणि झेरॉक्स. काहींत फॅक्सही असतो, घराला त्याचा उपयोग नाही.

काट्रिज, इंक टँक, लेझर यांत आमच्यासाठी कुठला?

काट्रिजच्या प्रिंटरमध्ये शाई एका छोट्या डबीत येते. डबी संपली की डबीच बदलायची. प्रिंटर स्वस्त, डबी महाग. अनेक काट्रिजमध्ये शाई फेकणारं हेडही डबीबरोबरच येतं, त्यामुळे हेड बिघडलं तरी नवी डबी घातली की काम भागतं. हा तिचा एकमेव मोठा गुण.

इंक टँकमध्ये शाई बाटलीतून टाकीत ओतायची, तिथून ती नळ्यांतून हेडपर्यंत जाते. हे प्रकरण भारतात इतकं चाललं त्याचं कारण आपणच आहोत. कंपन्यांनी हे काढायच्या आधीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावी लोक काट्रिजच्या प्रिंटरला भोकं पाडून बाहेरून शाईच्या बाटल्या जोडत होते. एप्सनने इंडोनेशियात २०१० साली तयार टाकीचा प्रिंटर आणला. मागून कॅनन, ब्रदर, एचपी सगळे आले.

लेझरमध्ये शाई नाही, पावडर आहे. तिला टोनर म्हणतात. ती कागदावर टाकून दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखाली वितळवून चिकटवतात. म्हणून लेझरचं पान हातात गरम येतं आणि त्यावर पाणी सांडलं तरी अक्षर पसरत नाही. घरच्या बजेटमधला लेझर फक्त काळं छापतो.

आता निवड. शाळेत जाणारं मूल आणि दर आठवड्याला रंगीत पानं असतील, तर इंक टँक. घरी शिकवणी चालते, वकिली आहे, नुसती काळी पानं शेकड्यांनी लागतात, तर लेझर. महिना-महिना प्रिंटरला हातही लागत नसेल तर एक तर लेझर, नाहीतर झेरॉक्सवाला. अशा घरात टँक घेऊ नका. का, ते पुढे येतंच आहे.

ऑनलाइन चार-पाच हजारांत वायफाय ऑल-इन-वन मिळतोय. तेरा हजार कशाला घालू?

तो काट्रिजचा आहे. या वर्गातल्या साध्या काळ्या काट्रिजची क्षमता साधारण १२० पानांची असते. काट्रिज नऊशे रुपयांना पडलं असं धरलं, तर पानाला साडेसात रुपये नुसत्या शाईचे. झेरॉक्सवाल्याच्या चौपट. जास्त शाईचं एक्सएल काट्रिज घेतलं तर पानाचा खर्च थोडा उतरतो, पण रुपयाच्या आत कधी येत नाही.

दुसऱ्या बाजूला एप्सनच्या ००३ नंबरच्या काळ्या बाटलीत ६५ मिलिलिटर शाई असते, आणि कंपनीच्या मोजणीप्रमाणे त्यात ४,५०० पानं निघतात. बाटली चारशेला धरली तरी पानाला नऊ पैसे. म्हणजे टँकवाल्या घरात शाईपेक्षा कागद महाग पडतो.

दोन प्रिंटरांतला आठ हजारांचा फरक साधारण अकराशे पानांत भरून निघतो. वर्षाला शंभर पानंही काढत नसाल तर मात्र स्वस्तातला काट्रिजवाला चुकीचा नाही. फक्त डबी संपण्याआधी वाळते, हे धरून चाला.

बाटलीवर ४,५०० पानं लिहिलंय. माझी दोन हजारही निघाली नाहीत. फसवलं का?

फसवलं नाही, पण पूर्ण सांगितलंही नाही. हा आकडा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ठरवलेल्या नमुन्याच्या पानांवर, एकामागून एक सलग छापून काढलेला असतो. तुम्ही सोमवारी दोन पानं, गुरुवारी एक असं छापता. मधे प्रत्येक वेळी मशीन हेड साफ करायला थोडी शाई खातं. शिवाय पोराच्या प्रोजेक्टमध्ये पानभर निळा समुद्र असतो, तो त्या नमुन्यात नसतो.

पहिल्या सेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. नवीन प्रिंटर सुरू करताना नळ्या आणि हेड भरायला बरीच शाई जाते, त्यामुळे डब्यातल्या पहिल्या बाटल्या लवकर संपतात. दुसऱ्या बाटलीपासून खरा अंदाज येतो.

आम्ही महिन्यात दोन-चार पानंच काढतो. टँक घेतला तर काय बिघडतं?

हेड चोक होतं. माझ्या दुकानाचा निम्मा धंदा यावर चालतो.

हेडला केसापेक्षा बारीक शेकडो छिद्रं असतात. शाई त्यांतून वाहती राहिली तर ठीक. पंधरा दिवस, महिना मशीन तसंच पडलं की छिद्राच्या तोंडाशी शाई सुकते. नोझल चेकचं, म्हणजे ही छिद्रं तपासायचं, पान काढलं की लगेच कळतं. चार रंगांच्या बारीक रेषा जिन्यासारख्या उतरत जातात, आणि चोक झालेल्या रंगात मधल्या पायऱ्याच गायब असतात. पिवळा सगळ्यात फसवा. पांढऱ्या कागदावर तो दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं सगळं नीट आहे. पान खिडकीपाशी नेऊन तिरकं धरून बघा.

उपाय साधा आहे. आठवड्याला एक रंगीत पान काढा. सोमवारी मुलांच्या शाळेचं वेळापत्रक, शनिवारी किराण्याची यादी, काहीही. त्यात चारही रंग असले म्हणजे झालं.

दुसरं म्हणजे प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, मग भिंतीवरचं बटण. बटण दाबल्यावर ‘खर्र’ असा आवाज होतो ना, तेव्हा हेड उजवीकडे जाऊन रबराच्या टोपीखाली बसतं. थेट भिंतीवरून बंद केलं तर ते वाटेत उघडं राहतं आणि वाळतं. ‘वीज वाचवतो’ म्हणून रोज भिंतीवरचं बटण दाबणारे आजोबा माझं सर्वांत पक्कं गिऱ्हाईक आहेत.

हेड चोक झालंच तर?

हेड क्लीनिंग एकदा करा, नोझल चेक काढा. सुधारणा दिसली तर दुसऱ्यांदा करा. तरीही नाही झालं तर मशीन रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी पुन्हा नोझल चेक. बऱ्याचदा शाई आपोआप मऊ होऊन रेषा परततात. लागोपाठ आठ-दहा वेळा क्लीनिंग मारू नका. प्रत्येक वेळी शाई आत एका स्पंजसारख्या पॅडमध्ये जाते, आणि ते पॅड भरलं की मशीन दिवे मिचकावत बसतं, एकही पान काढत नाही. मग पॅड बदलून, ते किती भरलं हे मोजणारा काउंटर रीसेट मारावा लागतो. काही नव्या मॉडेलमध्ये हा पॅडचा डबा घरच्या घरी बदलता येतो. घेताना विचारा, पुढचा एक हेलपाटा वाचतो.

यूट्यूबवर बघून हेडवर काच पुसायचं लिक्विड ओतू नका. एवढंच सांगतो.

एप्सन आणि ब्रदरमध्ये विजेवर थरथरणारा स्फटिक शाई ढकलतो, कॅनन आणि एचपीमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुड्याने ढकलतात. पहिल्या प्रकारचं हेड जास्त टिकतं, पण गेलं तर सर्व्हिस सेंटरचं काम आणि खर्च दणकून. कॅनन आणि एचपीच्या टँक मॉडेलांत हेड घरी काढून नवं बसवता येतं.

घरात वायफाय आहे, पण प्रिंटरला ते दिसतच नाही.

दहापैकी सात वेळा कारण एकच असतं. स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. हल्लीचे फायबरचे राऊटर २.४ आणि ५ असे दोन सिग्नल सोडतात, बऱ्याचदा एकाच नावाने. फोन ५ वर बसतो, प्रिंटरला ते ऐकूच येत नाही, आणि ॲप ‘प्रिंटर सापडत नाही’ म्हणत गोल गोल फिरत राहतं.

राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्या. ते जमत नसेल तर केबल टाकून गेलेल्या माणसाला फोन करा, त्याला दोन मिनिटं लागतात. जोडणी करताना फोन २.४ वर ठेवा. एकदा प्रिंटर जोडला गेला की फोन पुन्हा ५ वर नेला तरी चालतं, कारण घरातलं नेटवर्क एकच असतं. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर प्रिंटर जोडू नका. तिथे उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच सोय असते.

सगळं जोडलं, आठवडाभर चाललं, आणि मग लॅपटॉपवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवायला लागला, ही तक्रारही रोजची. लाईट जाऊन आली की राऊटर प्रिंटरला नवा पत्ता देतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतो. राऊटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवला की हे थांबतं. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसाला तीनदा लाईट जाते, त्यामुळे मी हे पहिल्याच दिवशी करून देतो.

घरी ब्रॉडबँड नाही, फक्त मोबाईलचा डेटा आहे. चालेल?

चालेल. वायफाय डायरेक्ट असलेला प्रिंटर घ्या. प्रिंटर स्वतःच एक छोटं वायफाय सोडतो, फोन त्याला जोडायचा आणि प्रिंट मारायची. इंटरनेट लागत नाही.

इथे एक सावधगिरी. काही प्रिंटर सुरू करतानाच इंटरनेट आणि कंपनीचं खातं मागतात, आणि काहींच्या अटीत कायम ऑनलाइन राहणं आणि फक्त कंपनीचीच शाई वापरणं येतं. खोक्यावरचं बारीक अक्षर दुकानातच वाचा, घरी आणून नव्हे.

फोनवरून प्रिंट मारायला काय लागतं?

अँड्रॉइड ८ पासून पुढच्या फोनमध्ये प्रिंटची सोय आतच असते. आयफोनला एअरप्रिंट लागतं, आणि ते प्रत्येक स्वस्त मॉडेलमध्ये नसतं. घरात आयफोन असेल तर खोक्यावर ते नाव बघूनच घ्या. कंपनीचं ॲपही टाकून ठेवा. शाई किती उरली ते कळतं आणि स्कॅन थेट फोनमध्ये येतो.

मराठी मजकूर छापला की जोडाक्षरं फुटतात, काना-मात्रा भलतीकडे जातात. प्रिंटर खराब आहे का?

प्रिंटरची चूक नाही. फाइल जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तुमच्या मशीनवर तो फॉन्ट नसतो. डीटीपीवाले अजून बिगर-युनिकोड, म्हणजे जुन्या पद्धतीचे, फॉन्ट वापरतात. लग्नपत्रिकेचा मजकूर, सोसायटीची नोटीस, भजनी मंडळाची पानं बहुतेक वेळा त्यातलीच. पाठवणाऱ्याला सांगा, पीडीएफ करून पाठव. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत येतो आणि जसं दिसतं तसं छापलं जातं. फोनवरून छापतानाही आधी पीडीएफ करायची सवय लावा.

मोबाईलने फोटो काढून पीडीएफ करता येते. मग स्कॅनर हवाच कशाला?

एक-दोन पानांना फोन पुरतो. कॅमस्कॅनरवर सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली तेव्हा लोकांना वाटलं संपलं सगळं, पण गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे.

काचेचा स्कॅनर उपयोगी पडतो तो तीन ठिकाणी. आधारच्या दोन्ही बाजू एका पानावर घ्यायला. त्याचं वेगळं बटण काही मॉडेलांवर असतं, आणि ज्याला वारंवार केवायसी द्यावी लागते त्याने ते बघूनच मशीन घ्यावं. दुसरं, नोकरीचे ऑनलाइन अर्ज. बँक भरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबीत मागतात. फोनच्या फोटोत सावली येते आणि सही पिवळट दिसते. स्कॅनरवर २०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) ठेवलं की स्वच्छ येते. तिसरं म्हणजे जुने फोटो. आजीच्या ट्रंकेतला कोपरे दुमडलेला फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवा. त्याहून वर जायची गरज नाही, आणि खोक्यावरच्या मोठाल्या आकड्यांना भुलू नका.

एक अडचण आधीच सांगतो. घरच्या प्रिंटरची काच ए४ एवढीच असते. कोर्टाचा किंवा जुन्या खरेदीखताचा लीगल साइजचा कागद तिच्यावर मावत नाही, खालच्या सह्या तुटतात. छापणं होतं, पण स्कॅन होत नाही. जमिनीची कामं करणाऱ्या गिऱ्हाइकांचा यावर हमखास हिरमोड होतो. सातबाऱ्याची मात्र काळजी नको. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो आणि ए४वर सरळ छापता येतो.

आपोआप दोन्ही बाजू छापणारा आणि पानं स्वतः ओढून स्कॅन करणारा घेऊ का?

घरी शिकवणी घेत असाल तर घ्या. नाहीतर नको. आपोआप दोन्ही बाजूंसाठी दोन-तीन हजार जास्त जातात, आणि हाताने पान उलटून घालायला अर्धं मिनिट लागतं. पहिल्यांदा पान उलटं पडतं, दुसऱ्यांदा बरोबर.

एवढं सगळं सांगितलंत. आता मॉडेलचं नाव सांगा.

नावं बदलत राहतात, पण सध्या माझ्या टेबलावर येतात त्यांच्याबद्दल बोलतो.

एप्सन एल ३२५० हा सगळीकडे मिळतो, त्याचे भाग आणि मेकॅनिक तालुक्यालाही सापडतात. चूक एकच, त्याची काळी शाईसुद्धा पाण्याने पसरणारी आहे. शाळेचा प्रोजेक्ट पावसात भिजला की अक्षरांचं गटार होतं. घेताना आकडा नीट वाचा. एल ३२१० दिसायला तसाच आहे पण त्यात वायफाय नाही, आणि दोन-तीन हजार वाचले म्हणून तो घेऊन परत येणारे मी पाहिलेत.

कॅननची जी ३००० मालिका आणि एचपीचा स्मार्ट टँक ५८० यांत काळी शाई पिगमेंटची आहे. अक्षर ठळक येतं आणि थेंब पडला तरी धरून राहतं. कागदपत्रं जास्त असतील तर मी इकडे वळवतो.

ब्रदर डीसीपी टी ४२० डब्ल्यूचीही काळी शाई पिगमेंटचीच. त्याचा कागदाचा ट्रे आत, झाकलेला असतो, १५० पानांचा. बाकीच्यांत कागद मागे उघडा उभा राहतो. कोकणात हा फरक लहान नाही, पुढे वाचा.

माझ्या घरी काय आहे असं विचाराल तर ब्रदर आहे, ते त्या ट्रेसाठी. पण तुमच्या गावात त्याचा मेकॅनिक नसेल तर माझं ऐकू नका. सर्व्हिस जिथे जवळ, तो प्रिंटर चांगला.

लेझरमध्ये एक धोक्याची सूचना. झेरॉक्सच्या दुकानात सगळीकडे दिसणारा कॅननचा एमएफ ३०१० दणकट आहे, पण त्याला वायफाय नाही. ‘दुकानात चालतो तोच द्या’ म्हणून मागाल तर केबल टाकावी लागेल.

डुप्लिकेट शाई चालते का? निम्म्या किमतीत मिळते.

वॉरंटीत असेपर्यंत नको. नंतर तुमची मर्जी. पण टँकमध्ये ओरिजिनल शाईचं पान नऊ-दहा पैशांना पडतं. ते पाच पैशांवर आणून काय साधलं? हेड मात्र हजारोंचं जातं. काट्रिजवाल्यांची ओढ मला समजते, टँकवाल्यांची नाही. आणि दोन प्रकारच्या शाया एका टाकीत कधीच मिसळू नका. कधी कधी ती दह्यासारखी फाटते.

घरी पासपोर्ट साइज फोटो काढता येतील?

येतील. चार बाय सहा इंची फोटो पेपरवर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात. प्रिंट करताना कागदाचा प्रकार ‘ग्लॉसी’ निवडा. साधा कागद निवडला तर रंग नीट येत नाहीत. स्टुडिओसारखा टिकाऊपणा येणार नाही. शाळेच्या फॉर्मला चालतो, लग्नाच्या स्थळासाठी स्टुडिओतच जा.

इन्व्हर्टरवर चालेल?

इंक टँक आरामात. छापताना तो साधारण १२-१५ वॅट घेतो, म्हणजे एका एलईडी बल्बएवढे. लेझर नाही. त्याचा रोलर तापताना एकदम काहीशे वॅट ओढतो, घरचा लहान इन्व्हर्टर ओरडतो किंवा बसतो. कॉम्प्युटरच्या यूपीएसवर तर लेझर लावूच नका.

पावसाळ्यात कागद सारखा अडकतो.

कागद ओल धरतो, कडा वळतात आणि रोलर एकाऐवजी तीन पानं ओढतो. रिमचं पाकीट अर्धं उघडून कपाटात ठेवू नका. झिपच्या पिशवीत घाला आणि लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवा. ७५ जीएसएमचा (हा कागदाच्या वजनाचा आकडा) कागद घ्या. अगदी स्वस्तातला पातळ कागद जूनमध्ये पापडासारखा होतो. विदर्भातल्या माझ्या मेहुण्याला ही अडचण नाही, त्याच्याकडे मे महिन्यात शाईच वाळते.

अडकलेलं पान बाहेर काढताना मशीन बंद करा आणि कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढा. हिसका दिला की एक कपटा आत राहतो आणि पुढची दहा पानं अडकतात.

आता त्या उघड्या ट्रेबद्दल. मागून कागद घालायच्या फटीत मी आजवर पेन्सिली, साडीच्या पिना, एक रुपयाची नाणी आणि मुंग्यांचं वारूळ पाहिलंय. एकदा पालीची दोन अंडी निघाली, शाबूत, कागदाच्या रोलरला चिकटलेली. गिऱ्हाईक बाईंनी ती स्वतःच्या हाताने काढायला साफ नकार दिला आणि मलाही काढू देईनात. शेवटी मशीन आठवडाभर दुकानाच्या माळ्यावर राहिलं. वापर झाला की मागचा फ्लॅप बंद करा आणि वर जुनी ओढणी टाका.

सेकंड हँड घेऊ का?

टँक नको. आत कुठली शाई घातली आणि पॅड किती भरलं, हे बाहेरून कळत नाही. लेझर चालेल, समोर वीस पानं काढून बघून.

ऑनलाइन घ्यावा की दुकानातून?

किंमत बहुधा ऑनलाइन कमी. पण आधी कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघा. मुंबई-पुण्यात प्रश्न नाही. तालुक्याच्या गावी मशीन ऐंशी किलोमीटरवर न्यावं लागणार असेल, तर गावातल्या दुकानदाराला पाचशे-हजार जास्त देणं स्वस्त पडतं. जीएसटीचं बिल जपून ठेवा, त्याचा फोटोही काढून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वॉरंटी संपायच्या आत कोरं होतं. वॉरंटी वर्षांत आणि पानांत अशी दोन्ही मोजतात, त्यातलं जे आधी संपेल ते.

घर बदलतोय. टँकचा प्रिंटर कसा न्यायचा?

सरळ उभा, कधीही आडवा नाही. गेल्या पावसाळ्यात एक काका दुरुस्तीला प्रिंटर घेऊन आले. रिक्षात जागा नव्हती म्हणून मांडीवर आडवा धरलेला. दुकानाच्या पायरीवर पिशवी ठेवली तेव्हा तिच्या खालून निळी धार निघाली होती, आणि काकांचा पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत मोरपंखी. मशीनचं मूळ दुखणं साधं होतं, रोलर घासला होता. पण आत सांडलेली शाई पुसायला मला दीड दिवस लागला, आणि बिल त्यामुळेच वाढलं.

तुम्ही बटणाने बंद करा, हेड जागेवर जाऊन बसू द्या. टाक्यांची झाकणं घट्ट दाबा. ज्या मॉडेलला वाहतुकीची खिट्टी असते तिथे ती फिरवा, आणि नव्या घरी पोचल्यावर परत फिरवायला विसरू नका. ती तशीच ठेवून छापायला घेतलं की हेड कोरडं पडतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खोक्यात घाला. खोकं टाकून दिलं असेल तर गादीवर नव्हे, गाडीत पायाशी सपाट जागेवर ठेवा. पोचल्यावर तासभर तसंच राहू द्या, मग एक नोझल चेक काढा.